कर्ज मिटवून देणारी कंपनी खरी की खोटी, कशावरून ओळखायची?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दोन लेथवर जॉबवर्क करणारे एक गृहस्थ आहेत. फौंड्रीकडून येणारं काम निम्म्यावर आलं आणि चार महिन्यांपासून कार्डांचे आणि अॅपच्या कर्जांचे हप्ते थकले. दोन क्रेडिट कार्डांचे मिळून ३ लाख ४५ हजार, मोबाइल अॅपवरून घेतलेल्या तीन वैयक्तिक कर्जांचे ३ लाख ३५ हजार, गावातल्या पतसंस्थेचे ३ लाख आणि सोनेतारणाचे १ लाख ६० हजार, असं एकूण ११ लाख ४० हजारांचं देणं आहे. पतसंस्थेचे दोन हप्ते राहिलेत, सोन्याचं व्याज अजून वेळेवर जातं. बाहेरच्या राज्यातल्या एका कंपनीचा फोन आला: सगळं रुपयाला चाळीस पैशांत मिटवतो, आज १२ हजार नोंदणी फी भरा, दरमहा १९ हजार आमच्याकडे जमा करा, २४ महिन्यांत मोकळे व्हाल. हप्ते भरणं आजपासून बंद करा आणि वसुलीचे फोन आमच्या नंबरवर वळवा. त्यांनी विचारलंय, ही कंपनी विश्वासाची आहे का, नसेल तर विश्वासाची कशी शोधायची. शेवटी एक ओळ आहे: पतसंस्थेला जामीनदार मेव्हणे आणि एक मित्र आहेत, त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

तातडीचं आधी सांगतो. १२ हजार भरू नका, फोन वळवू नका. बाकी सगळं सावकाश वाचा.

मी बावीस वर्षं एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात होतो. शेवटची नऊ वर्षं एकरकमी परतफेडीचे प्रस्ताव तपासून समितीपुढे मांडायचं काम माझ्याकडे होतं. निवृत्तीनंतर लक्ष्मीपुरीत बसून कर्जदारांच्या बाजूने तेच काम करतो आणि त्याची ठरलेली फी घेतो. म्हणजे या व्यवसायात मीही आहे. पुढे ज्या कसोट्या सांगतोय त्या मलाही लावा.

अशा कंपन्यांची पत्रं माझ्या टेबलावर यायची. पाच-सहा पानं, कायद्याची पाच-पंचवीस कलमं, त्यातली निम्मी त्या कर्जाला लागूही नसायची. नाव आणि खाते क्रमांक बदलून तेच पत्र दुसऱ्या कर्जदारासाठीही आलेलं असायचं. आम्ही ते फायलीला लावायचो आणि कर्जदाराला फोन करून बोलवायचो. कारण सूट किती द्यायची हे त्या पत्रावर ठरतच नसे. खातं किती जुनं थकलंय, तारण काय आहे, जामीनदार कोण आहेत, कर्जदाराची खरी मिळकत किती आणि तो एकरकमी किती पैसे कोणत्या तारखेला आणणार, या पाच गोष्टींवर ते ठरायचं. आजही तसंच ठरतं.

खातं ९० दिवसांहून जास्त थकलं की ते अनुत्पादक होतं. पहिले १२ महिने बँकेला त्यासाठी नफ्यातून थोडी तरतूद करावी लागते, म्हणजे कर्ज बुडालं तर म्हणून पैसे बाजूला ठेवावे लागतात. त्यानंतर खातं संशयित वर्गात जातं आणि तारणाने न झाकलेल्या रकमेची पूर्ण, म्हणजे १०० टक्के, तरतूद करावी लागते. एकदा ती झाली की बँकेच्या हिशेबाने ते पैसे गेलेलेच असतात, मग त्यावर जे येईल ते फायद्याचं. म्हणून दोन-तीन वर्षं जुन्या विनातारण कर्जाला मोठी सूट मिळते आणि चार महिन्यांच्या थकबाकीला सहसा मिळत नाही. कंपनी जी सूट 'आमच्या वाटाघाटींमुळे' म्हणून दाखवते, ती बहुतेक वेळा खात्याच्या वयामुळे मिळालेली असते.

रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ ला तडजोडीबद्दल जे परिपत्रक काढलं, त्यातल्या दोन गोष्टी कर्जदाराने पाठ करून ठेवाव्यात. पहिली: तडजोड मंजूर करणारा अधिकारी हा कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा किमान एक पायरी वरचा हवा. म्हणजे फोनवरचा वसुलीवाला किंवा त्याच्याशी 'ओळख असलेला' कंपनीचा माणूस कितीही छातीठोकपणे बोलला, तरी मंजुरी त्याच्या हातात नसते. दुसरी: ठरलेली रक्कम भरायला तीन महिन्यांहून जास्त मुदत दिली, तर ती तडजोड न राहता कर्जाची पुनर्रचना, म्हणजे हप्ते आणि मुदत बदलून दिलेलं कर्ज, धरली जाते. सूट देऊन वर पुनर्रचनाही, हे बँकांना नको असतं, म्हणून खरी तडजोड बहुधा ९० दिवसांच्या आत पैसे मागते.

आता त्या २४ महिन्यांच्या योजनेकडे बघा. दरमहा १९ हजार म्हणजे २४ महिन्यांत ४ लाख ५६ हजार, बरोबर ११ लाख ४० हजारांचे चाळीस टक्के. हिशेब चोख दिसतो. पण या २४ महिन्यांत तुमच्या बँकेला एक रुपयाही जात नाही. तो पैसा कंपनीकडे साठतो. बँकेशी बोलणं कधीतरी पुढे होणार, तेही पुरेसा साठा झाल्यावर, आणि बँक तयार झाली तर. फोनवरच्या माणसाने हे सांगितलं का? तुमच्या प्रश्नात कुठे दिसत नाही, म्हणजे नसावं.

साठा होईपर्यंत देणं जागेवर थांबत नाही. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. चक्रवाढ आणि दंड सोडून, अगदी सरळव्याजाने धरलं तरी ३ लाख ४५ हजारांवर वर्षाला १ लाख ४४ हजार ९०० चढतात. वर्षाने ४ लाख ८९ हजार ९०० झालेल्या देण्याची निम्म्यात तडजोड झाली तर भराल २ लाख ४४ हजार ९५०. आजच्या रकमेच्या मानाने ते ७१ टक्के होतात. 'निम्म्यात मिटलं' हे वाक्य खोटं नसतं. कशाच्या निम्म्यात, हे मात्र प्रत्येक वेळी विचारायचं.

आणि फी वेगळीच. या कंपन्या बऱ्याचदा तुम्ही त्यांच्याकडे नोंदवलेल्या पूर्ण कर्जावर टक्केवारी लावतात, तुमच्या वाचलेल्या पैशांवर नाही. समजा १५ टक्के सांगितले. ११ लाख ४० हजारांवर १ लाख ७१ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी ३० हजार ७८०, एकूण २ लाख १ हजार ७८०. सोनं आणि पतसंस्था यादीत घालायची त्यांना इतकी घाई का असते, याचं उत्तर इथे आहे. यादी जितकी लांब, तितकी फी मोठी.

तुमची यादी मी अशी वेगळी करेन.

सोनेतारण तडजोडीत सहसा येत नाही. सावकार बँक असो की वित्त कंपनी, तिच्या तिजोरीत तुमचं सोनं आहे. हप्ता थांबवलात तर ती नोटीस देऊन लिलाव करेल आणि आपले पैसे वळते करून घेईल. सूट देण्याचं तिला कारणच नाही. ज्या कंपनीने 'सोन्याचंही व्याज बंद करा' असं सांगितलं, तिला एकतर हे माहीत नाही किंवा तुमच्या घरातल्या दागिन्यांची फिकीर नाही. व्याज भरत राहा. अगदीच जमत नसेल तर थोडं सोनं स्वतः सोडवून बाजारभावाने विका आणि उरलेल्यावरचं कर्ज कमी करा. लिलावापेक्षा हातात बहुधा जास्त येईल.

पतसंस्थेचं कर्ज हा तुमच्या यादीतला सगळ्यात नाजूक भाग आहे. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था, नागरी बँका आणि सेवकांच्या सोसायट्या गल्लोगल्ली आहेत आणि कर्ज बहुतेक जामिनावर चालतं. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी तुमच्याकडे वसुली करून मग जामीनदाराकडे जावं, असं बंधन नाही. हप्ते बंद झाले की पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेते. त्यासाठी दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जावं लागत नाही. दाखला हातात आला की वसुली अधिकारी जप्तीची कारवाई करू शकतो, तुमच्यावर आणि जामीनदारांवरही. जामीनदार नोकरदार असेल आणि त्याने पगारातून कपातीचं संमतीपत्र दिलं असेल, तर कपात थेट पगारातून सुरू होते.

हुपरीचे एक चांदी कारागीर माझ्याकडे आले होते. एका कंपनीकडे आठ महिने पैसे भरून झाल्यावर तिचा फोन लागेना. पैसे गेले याचं त्यांना दुःख होतंच, पण त्यांनी माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. जामीनदार मित्राचा पगार कापला गेला आणि त्याने बोलणं सोडलं. कंपनीने त्यांना जामीनदार कोण, हा प्रश्न आठ महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.

म्हणून माझी पहिली कसोटी हीच आहे. बोलणं सुरू झाल्यावर समोरचा माणूस पहिली पाच मिनिटं काय विचारतो ते ऐका. 'एकूण कर्ज किती आणि महिन्याला किती भरू शकाल' एवढंच विचारून फीवर आला, तर तो गिऱ्हाईक बघतोय. प्रत्येक कर्जाचं वेगळं वय, तारण, जामीनदार, कुणाकडे कोरे चेक दिलेत, कोणती नोटीस आली आहे, घरखर्च जाऊन हातात काय उरतं, हे ज्याने विचारलं तो काम जाणणारा आहे. आणि जो तुम्हाला म्हणाला, 'या सहा-सात कर्जांपैकी एवढी माझ्याकडे देऊ नका, ती तुमची तुम्ही भरा,' त्याच्यावर विश्वास ठेवायला सुरुवात करता येईल. असं सांगताना त्याची फी बुडते, तरी तो सांगतो.

दुसरी कसोटी पैशाच्या वाटेची. तडजोडीचा पैसा तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात गेला पाहिजे. कंपनीच्या खात्यात नाही, तिच्या 'एस्क्रो'त, म्हणजे तिसऱ्याकडे राखून ठेवण्याच्या खात्यात नाही, कुणाच्या यूपीआयवर तर नाहीच. साठवायचाच असेल तर तुमच्या नावाचं आवर्ती ठेव खातं उघडा, आणि ते अशा बँकेत उघडा जिथे तुमचं एकही कर्ज किंवा कार्ड नाही. त्याच बँकेत ठेवलात तर बँक ती रक्कम थकबाकीत वळती करून घेऊ शकते. ही गोष्ट माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ जणांना माहीत नसते.

तिसरी, फी केव्हा. अमेरिकेत हा धंदा फार आधीपासून मोठा आहे आणि तिथे लोक इतके फसले की २७ ऑक्टोबर २०१० पासून केंद्रीय नियमाने बंधन आलं: फोनवरून गिऱ्हाईक मिळवणाऱ्या कर्जतडजोड कंपनीने किमान एक कर्ज प्रत्यक्ष मिटवून, त्यावर गिऱ्हाइकाचा एक तरी हप्ता जाईपर्यंत फी घ्यायची नाही. आपल्याकडे असा नियम नाही. या कंपन्यांना परवाना देणारी वेगळी यंत्रणाही नाही. पण तो नियम तुम्ही स्वतःच्या करारात घालून घेऊ शकता: बँकेचं मंजुरीपत्र आलं, मी पैसे भरले, मगच त्या एका कर्जापुरती फी, आणि ती वाचलेल्या रकमेवर. कागद तपासण्याची किंवा सल्ल्याची हजार-दोन हजार फी कुणी आधी मागितली तर मी त्याला वाईट म्हणणार नाही, त्याचाही वेळ जातो. टक्केवारीची फी आधी मागणाऱ्याला मात्र तुमचं कर्ज मिटलं काय नि न मिटलं काय, सारखंच.

'आम्ही रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत आहोत' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. तडजोड करून देण्याच्या कामासाठी रिझर्व्ह बँक नोंदणी देत नाही. कंपनी नोंदणी, जीएसटी क्रमांक, उद्यम प्रमाणपत्र हे सगळं किराणा दुकानालाही मिळतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून कंपनी कधी स्थापन झाली आणि संचालक कोण एवढं बघून घ्या. त्यापलीकडे त्या कागदांना महत्त्व देऊ नका. 'आमच्याकडे वकिलांची फौज आहे' असं म्हणत असतील तर वकिलाचं नाव आणि सनद क्रमांक मागा, वकीलपत्र कुणाच्या नावे करायचं ते विचारा आणि त्या वकिलाशी स्वतः बोला.

'सिबिल स्वच्छ करून देतो' हे सरळ खोटं. तडजोड झाल्यावर तुमच्या कर्जांच्या इतिहासाच्या अहवालात 'सेटल्ड' अशी नोंद येते आणि ती काही वर्षं राहते. खरी असलेली नोंद कुणीही पुसू शकत नाही. चुकीची असेल तर दुरुस्तीचा अर्ज तुम्ही स्वतः फुकट करू शकता. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. तो आधी काढाच, कारण अॅपवाल्या कर्जांचा मूळ सावकार कोण हे बऱ्याच जणांना तिथेच पहिल्यांदा कळतं. शिवाय तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच संस्था किमान १२ महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. शेतीकर्जाला हे १२ महिन्यांचं बंधन नाही. तुम्हाला वर्षभरात मशीनसाठी कर्ज लागणार असेल तर हे आत्ताच मोजा.

फोन वळवण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण कर्जदार याच आमिषाला सगळ्यात जास्त भुलतो. दिवसाला तीस-चाळीस फोन, शेजाऱ्यापर्यंत गेलेली बदनामी, बायको-मुलांसमोरचा अपमान, हे मी रोज ऐकतो. त्यात कुणी म्हणालं, 'तुमचे फोन आम्ही घेतो,' तर माणूस घर विकूनही तेवढी शांतता घेईल. पण त्या फोनांबरोबर तुमच्या नोटिसाही तिकडे जातात. दिलेला चेक वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तसाच गुन्हा धरला जातो. दोन्हीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. 'हप्ते बंद करा' म्हणणारा हे सांगत नाही. लवादाची नोटीस दूरच्या शहरातून ईमेलवर येते, ती कुणी उघडत नाही आणि निवाडा एकतर्फी होतो.

छळाचा बंदोबस्त फुकट होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांत बदनामी यांना परवानगी नाहीच. फोनची वेळ आणि नंबर वहीत लिहा, संभाषण जपून ठेवा, संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, तिला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. अॅपवाल्याने फोटो बदलून पाठवायची धमकी दिली तर तो सायबर गुन्हा, १९३० वर कळवा आणि पोलीस ठाण्यात जा. पतसंस्थेची तक्रार मात्र लोकपालाकडे चालत नाही, ती सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: या फोनांनी झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर बोला. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. कर्जाचा कागद पुढच्या आठवड्यातही बघता येतो.

मग कंपनी लागते केव्हा? पाच-सात सावकार, सगळे बाहेरगावचे, पत्रव्यवहार इंग्रजीत, आणि तुमचा दिवस शेडमध्ये जाणारा, अशा वेळी मदतनीस असणं गैर नाही. चांगला माणूस तुमचा वेळ वाचवतो, घाईत चुकीच्या कागदावर सही होऊ देत नाही. मात्र त्याला तुमचा ओटीपी, नेटबँकिंगचा पासवर्ड, कोरे चेक, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही यातलं काहीही लागत नाही. अधिकारपत्र द्यायचंच असेल तर ते 'माझ्या वतीने पत्रव्यवहार करणे' एवढ्यापुरतं, कर्जाचे क्रमांक लिहून आणि मुदत घालून द्या. तडजोडीची रक्कम मान्य करण्याचा हक्क स्वतःकडे ठेवा. करार मराठीत किंवा तुम्हाला कळेल अशा भाषेत मागा. मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतील हे कलम शोधा. ते नसेल तर सही करू नका.

तुमच्या बाबतीत मला कंपनीची गरज दिसत नाही. चार महिन्यांची थकबाकी ही तडजोडीपेक्षा पुनर्रचनेची वेळ आहे. दोन्ही कार्ड कंपन्यांना लिहा: काम निम्म्यावर आलं आहे, जीएसटी विवरणपत्रं आणि बँक उतारे जोडले आहेत, थकीत रक्कम कमी व्याजाच्या मासिक हप्त्यांत बदलून द्या. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत बँका हे करतात, मागावं मात्र आपण लागतं. अॅपच्या तीनपैकी सगळ्यात लहान कर्ज आधी संपवता येतं का बघा. वसुली करणाऱ्यांची संख्या एकाने कमी झाली तरी डोकं थोडं शांत होतं. मूळ सावकार नोंदणीकृत वित्त कंपनी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या यादीत तपासा.

वर्षभराने काम सुधारलंच नाही आणि तडजोड करायचीच झाली, तर कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दावा दाखल होण्यापूर्वीचं प्रकरणही राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवण्याचा अर्ज तिथे करता येतो. बँक यायला तयार हवी, आणि अशा दिवशी बँकेचे अधिकारी मंजुरीचे अधिकार घेऊनच बसलेले असतात. मी स्वतः कित्येकदा असा बसलोय. तिथे कोर्ट फी नाही, झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून कबूल केलेली तारीख पाळता येईल तेवढीच रक्कम बोला. समितीपुढे मी एकच गोष्ट वारंवार बघितली: 'जमेल तसं देतो' म्हणणाऱ्याचा प्रस्ताव मागे पडायचा आणि '२० तारखेला १ लाख ४० हजार आणतो, हे पैसे माझ्या भावाने दिलेत' म्हणणाऱ्याचा मंजूर व्हायचा.

मंजुरीपत्र कसं वाचायचं तेही सांगून ठेवतो. संस्थेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरून आलेलं हवं. त्यात पूर्ण खाते क्रमांक, रक्कम अंकी आणि अक्षरी, भरण्याची शेवटची तारीख आणि 'ही रक्कम भरल्यावर काहीही येणे राहणार नाही' असा स्पष्ट मजकूर हवा. व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालणार नाही. शाखेत किंवा ग्राहक सेवेला फोन करून पत्राची खात्री करा, मगच पैसे भरा. कोर्टात दावा चालू असेल तर तडजोड कोर्टासमोर नोंदवून घ्या. नंतर बेबाकी (काही येणं नसल्याचा) दाखला, दिलेले चेक, हप्ता कपातीचा आदेश रद्द झाल्याचा पुरावा, हे मागून घ्या. मालमत्तेची कागदपत्रं तारण असतील तर तडजोड पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत परत द्यायची, उशीर झाला तर रोजचे ५ हजार रुपये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आधीच फी भरून बसला असेल, तर त्याने कंपनीला लेखी कळवून करार रद्द करावा, आपोआप जाणारी वजावट स्वतःच्या बँकेत जाऊन थांबवावी आणि अधिकारपत्र मागे घेतल्याचं प्रत्येक सावकाराला कळवावं. पैसे परत मिळाले नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, त्यानेही झालं नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार दाखल करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही.

आता तुमची ती शेवटची ओळ. पतसंस्थेचे दोनच हप्ते राहिलेत, म्हणजे अजून वेळ आहे. कंपनीला जे १९ हजार द्यायला तयार होतात त्यातून पतसंस्थेचे हे दोन हप्ते आधी भरा आणि संस्थेच्या व्यवस्थापकांना भेटून मुदत वाढवून हप्ता लहान करता येईल का विचारा, अर्जाची पोच घ्या. त्याच दिवशी मेव्हण्यांकडे आणि मित्राकडे जा. संस्थेची नोटीस त्यांच्या हातात पडण्याआधी त्यांनी हे तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे. फोनवर सांगू नका, घरी जा, आणि जाताना कर्जखात्याचा ताजा उतारा आणि त्या अर्जाची पोच बरोबर न्या. 'किती बाकी आहे?' हा पहिला प्रश्न येईल, तेव्हा कागद पुढे ठेवता आला पाहिजे.